काढ्याचा चोथा

निघायच्या दिवशी आईने माझ्यावरून भाकरीचा तुकडा आणि भात उतरवला आणि बेळगुंदीच्या तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथे, ठेवून आली. येताना तिने मागे पाहिलं नाही. मला म्हणाली, "परमुलखात कुणाचा उतारा वलांडू नगंस गं. दुसऱ्याचं दुखणं पायाला चिकटतंय." आक्का, तू तेव्हा माझी ट्रंक बांधत होतीस. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि यांना सिंगापूरच्या जहाजगोदीत फिटरची नोकरी लागली होती.

तिथे माझं पोटच फिरलं. खाल्लेलं टिकेना, आईने दिलेली ओवा-सुंठीची पूड संपली. हे म्हणाले, "गावाकडं जा. बरी झालीस की ये." परत पाठवलेल्या पोरीला गाव काय म्हणतं, ते तुला सांगायला नको. मी धसकाच घेतला.

खालच्या मजल्यावर चिनी घरमालकीण राहायची. मी तिला मावशी म्हणे. ती माझ्यासाठी मातीच्या भांड्यात काढा उकळू लागली. वाळकी संत्र्याची साल, आलं, ज्येष्ठमध आणि खडूसारखे कसलेसे पांढरे तुकडे. कडू जहर! जरा उतार पडतोय तोच एका सकाळी दारासमोर, भर रस्त्यात, ओला काळा ढीग दिसला. उतारा! नक्की माझ्यावरच करणी. मी काढा सोडला, ढिगाला वळसा घालून नळावर जाऊ लागले आणि पुन्हा अंथरुणाला खिळले.

शेवटी मावशीने हाताला धरून खाली नेलं. माझ्या पोटाकडे बोट केलं, मग ढिगाकडे, मग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे. माझ्याच काढ्याचा चोथा होता तो. लोकांनी तुडवला की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं, अशी त्यांची रीत. मला हसूही आलं आणि रडूही. काढा पुन्हा सुरू केला. भात पचू लागला, मी राहिले.

पण इतक्या वर्षांनी आता थकवा येतो गं. गल्ली पाडायची ठरलीय. शेजारी एकेक करून उंच इमारतींत गेले. त्यातच मावशीने अंथरूण धरलं, पेजसुद्धा ठरेना. परवा मी तिच्यासाठी तोच काढा उकळला, चोथा दारासमोर टाकला. दिवसभर तसाच पडून होता. तुडवायला गल्लीत माणूसच उरलं नव्हतं.

आईचे शब्द आठवले. तरी चपला काढल्या आणि दोन्ही पाय त्या चोथ्यात रोवले.

तुझं घर आता कुठलं, असं तू पत्रात विचारतेस. आईने माझं दुखणं ठेवलं ती तिकटी माझीच. पण जिथे दुसऱ्याचं दुखणं मी मुद्दाम पायाला लावून घेतलं, तो उंबराही माझाच झाला.

आईला मात्र हे सांगू नकोस.