एक ताटली कमी
गच्चीवर पत्रे टाकले आणि दुपारी ते तापल्यावर तोच वास आला, अकोटजवळच्या त्या शाळेचा. जंगलातलं अख्खं गाव उठवून तिथं काळ्या मातीच्या उघड्या रानात वसवलं होतं. घरं नवी, रस्ते आखलेले, शाळा पत्र्याची आणि झाड एकही नाही. जुन्या गावातही या पोरांना मीच शिकवायचो. खिचडी वाढून झाली की म्हणायचो, "जा रे, सावलीत बसून खा," आणि पोरं नदीकाठच्या झाडाखाली पळायची. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात सवयीनं तेच तोंडातून निघालं. पोरं भिंतीला चिकटून उभ्यानंच जेवली. नंतर ताटल्या मोजल्या तर एक कमी. उन्हानं आधीच जीव कावलेला, मी चिडून शोधायला बाहेर पडलो. पाण्याचा टँकर रिकामा होऊन निघायच्या बेतात होता, इंजिन सुरू झालं होतं, आणि मागच्या चाकापाशी स्टील चमकलं. उचलायला वाकलो तर टँकरखाली दुसरीतली पोरगी गाढ झोपलेली. मी ओरडून ड्रायव्हरला थांबवलं, तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. "तिथं काहून गेली वं?" माझा हात उगारलेलाच होता. डोळे चोळत ती म्हणाली, "तुमीच त म्हनलं सर, सावलीत बसा." आता मी निवृत्त आहे. सरांनी पोरगी वाचवली, असं त्या गावात अजून सांगतात. मी तर ताटली शोधत होतो.