आपला माणूस हाय तिथं

आमच्याकडे नवीन माणूस भेटला की आधी त्याची ओळख काढायची असते. गाव कुठलं, आडनाव काय, तिथले अमुक तुमचे कोण लागतात. मग त्यांच्या मेव्हण्याला आमची चुलतबहीण दिलेली असते आणि सगळं जागच्या जागी बसतं. ओळख निघालीच नाही, तर समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालतात. माझं माहेर केंदूरचं, सासर भीमेच्या काठावरचं. आमचं गाव शिरूर तालुक्याचं शेवटचं टोक, पूल ओलांडला की दौंड तालुका. इथं मी कित्येक वर्षं अंगणवाडी चालवते आहे, आणि ओळख काढण्यात मी कुणाला हार जायची नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर मला कंडक्टर तिकीट फाडून देईपर्यंत कळलेलं असतं.

तर आमच्या या प्राचीन विद्येला सरकारी नाव आहे, हे मला शिरूरला एका मंगल कार्यालयात भरलेल्या प्रशिक्षणात कळलं. ‘असुरक्षित स्थलांतरितांच्या संरक्षण व साहाय्यासाठी संदर्भ-सेवा यंत्रणेचे राष्ट्रीय पातळीवर बळकटीकरण’ असा विषय होता. बॅनर एका भिंतीवर मावेना, म्हणून कोपऱ्यात दुमडून दुसऱ्या भिंतीवर नेला होता. पुण्याहून आलेल्या मॅडमनी पडद्यावर चौकोन काढले आणि चौकोनांना बाण जोडले. अडचणीत सापडलेली कामगार बाई पहिल्या चौकोनात, म्हणजे गावात. तिथून बाण पोलिसांकडे, पोलिसांकडून महिला केंद्राकडे, तिथून निवारागृहात, तिथून तिच्या राज्यात, आणि शेवटच्या चौकोनात घर. घराला कौलंसुद्धा काढली होती. कुणी कुणाकडे पाठवायचं हे आधीच ठरलेलं असलं की बाई वाटेत कुठंच हरवत नाही, असं मॅडम म्हणाल्या.

माझ्या शेजारी आमच्या सरपंचांचे यजमान बसले होते. सरपंच बाई घरी सह्या करतात आणि बाकीचं सरपंचपद हे सांभाळतात. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, “ह्ये तर आपन रोजच करतो की. फोन लावायचा, आपला मानूस गाठायचा.” जेवणात गुलाबजाम होते. सगळ्यांना एकेक पिशवी मिळाली आणि यजमानांना गावसमितीचं अध्यक्षपद मिळालं.

त्याच वर्षी गुऱ्हाळांच्या हंगामात एक दिवस अंगणवाडी भरताना एक परकी बाई दारात येऊन उभी राहिली. कडेवर तीनेक वर्षांची मुलगी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. उत्तर प्रदेशातली. नदीपलीकडच्या एका गुऱ्हाळावर नवरा-बायको कामाला आले होते. नवरा चुलवणात जाळ घालायचा, ही उसाची चिपाडं उन्हात वाळत घालायची. मग त्यांना गावाहून घेऊन आलेल्या मुकादमानं नवऱ्याला कर्नाटकातल्या दुसऱ्या गुऱ्हाळावर धाडलं आणि हिला इथंच ठेवलं. हिचा मोबाइल आणि आधार कार्ड ‘सांभाळायला’ म्हणून स्वतःकडे घेतलं. तेव्हापासून रात्री तिच्या खोपटाचं दार कुणीतरी हलवायचं. कोण, ते तिला माहीत होतं. आदल्या रात्री कडी तुटली. ती उरलेली रात्र चिपाडाच्या गंजीत मुलीच्या तोंडावर हात ठेवून बसली आणि उजाडल्यावर पुलावरून चालत अलीकडे आली. अंगणवाडीची पाटी बघून आत शिरली, कारण त्या पाटीवर मुलांची चित्रं होती.

“वहाँ वापस नहीं जाना है,” ती म्हणाली. एवढीच तिची मागणी होती.

मी पडद्यावरचे बाण आठवले आणि पोलिस चौकीला फोन लावला.

“बाई कुठल्या हद्दीत हाय?”

“माझ्या अंगणवाडीत.”

“गुऱ्हाळ?”

“पलीकडं, दौंड तालुक्यात.”

“मग ती अलीकडं कशाला आली?”

मी पलीकडच्या चौकीला फोन लावला. तिथले साहेब फार समजूतदार. गुन्हा आमच्याच हद्दीतला आहे, म्हणाले, पण बाई तुमच्या हद्दीत आहे, ती इकडे आली की कळवा. म्हणजे बाईनं पुलाच्या मधोमध जाऊन उभं राहावं आणि दोन्हीकडच्यांनी तिला बघून घ्यावं, अशी ती योजना. मग मी हेल्पलाइन फिरवली. तिथल्या मुलीनं आवाजात मध घालून आधार नंबर विचारला. कार्ड मुकादमाकडे आहे म्हटल्यावर ती म्हणाली, “हरकत नाही, त्यांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला सांगा.” मी फोन ठेवला. माझ्या तोंडात आलेली शिवी मुलांसमोर देता येण्यासारखी नव्हती.

राहिली गावसमिती. यजमान कडक इस्त्रीत बुलेटवरून आले, खुर्ची ओढून बसले आणि त्या बाईकडे एकदाही न बघता म्हणाले, “म्याडम, टेन्शन घिऊ नका. आपला मानूस हाय तिथं.”

आणि मग त्यांनी जे काही केलं, ते पुण्याच्या मॅडमनी बघायला हवं होतं. पहिला फोन कोरेगाव भीमाच्या कुणा भाऊंना. भाऊंच्या व्याह्यांचा भाचा पलीकडच्या सोसायटीत संचालक. संचालकांचे वर्गमित्र स्थलांतरित कामगारांच्या तालुका समितीवर. वाटेत दोघांची वास्तुशांत निघाली, एकाच्या बायपासची चौकशी झाली, एका लग्नाची तारीख पक्की झाली. कुणी हद्द विचारली नाही, कुणी आधार मागितलं नाही. सगळे बाण सुसाट. बाई कोपऱ्यात बसून मुलीला खिचडी भरवत होती आणि या माणसाच्या फोनकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

“झालं काम,” यजमान म्हणाले. “समितीचे मेंबर सोता येत्यात गाडी घिऊन. लई देवमानूस.”

दुपारी पांढरी गाडी अंगणवाडीपुढं थांबली. आतून पांढरे कपडे, पांढरी टोपी आणि गुळाची एक ढेप उतरली. बाईचा हात खिचडीच्या ताटलीतच थांबला. ती उठली, मुलीला उचललं आणि माझ्या पाठीमागं येऊन भिंतीला टेकली.

समितीचे मेंबर म्हणजे तिच्याच गुऱ्हाळाचे मालक होते.

माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. गावोगावच्या सप्त्यांना त्यांचा गूळ जातो. ते खरोखर कळवळून म्हणाले, “मला एकदम तिघांचे फोन आले ओ. आमच्या लेकीवानी हाय ती. मुकादमाला मी समज देतो. न्हाईतर आमच्या वाड्याच्या मागं खोली हाय, तिथं ऱ्हाऊ द्या.” त्या खोलीशेजारची खोली मुकादमाची, हे त्यांना आठवलं नाही किंवा त्यात काही वावगं वाटलं नाही. यजमानांची छाती फुगली होती. “बगा म्याडम,” ते म्हणाले, “अर्ध्या दिसात काम.”

तेव्हा पाठीमागून ती हळूच म्हणाली, “दीदी, आपके यहाँ कोई ऐसा नहीं है क्या, जो इनको नहीं पहचानता?”

मी विचार केला. सरपंच, पोलिस पाटील, डॉक्टर, बँकेतला शिपाई, शाळेचे मास्तर. सगळे आप्पांच्या ओळखीचे. आप्पांची मोठी सून तर माझ्या माहेरच्या आळीतली, तिच्या हळदीला मी जात्यावर बसले होते. आख्खा मुलूख डोळ्यांसमोरून गेला आणि एक माणूस सापडेना. मला भयंकर राग आला. आप्पांचा आला, यजमानांचा आला, आणि सगळ्यांत जास्त आमच्या त्या लाडक्या विद्येचा आला.

“आप्पा, ही यायची नाही,” मी म्हणाले.

“अवो पन का? आमी काय परके हाय का?”

“तेच तर झालंय.”

आप्पांना ते कळलं नाही. वाद वाढला असता, पण अंगणवाडीवालीच्या हातात एक हत्यार असतं. मी मुलीला वजनकाट्यावर ठेवलं आणि जाहीर केलं की मूल कुपोषित आहे, आजच्या आज दौंडला दवाखान्यात न्यायला लागतंय, आईसकट. यात खोटं काहीच नव्हतं. पोराच्या दवाखान्याला आड येणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मला नाही. आप्पा लगेच म्हणाले, “मग चला की, माझी गाडी हायेच.” त्या गाडीला नाही म्हणताना मला जेवढे कष्ट पडले तेवढे बाळंतपणात पडले नव्हते.

आम्ही वडापच्या जीपमधून गेलो. समोर बसलेल्या म्हातारीनं बाईला निरखून विचारलं, “गाव कुठलं म्हनायचं, बाई?” मी म्हणाले, “आजी, बाहेर बघा, ऊस किती छान आलाय.” म्हातारीनं तोंड वाकडं केलं. उभ्या आयुष्यात मी असा उद्धटपणा केला नव्हता.

दवाखान्यात मुलीला औषधं मिळाली. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दौंड स्टेशनवर आलो. फलाटावर रेल्वे पोलिसातली एक तरुण कॉन्स्टेबल उभी होती. मी सवयीनं गाव विचारलं. चंद्रपूरकडची निघाली. मग आयुष्यात पहिल्यांदा उलटा प्रश्न विचारला, “इथं कुणाला ओळखता का तुम्ही?”

“नाही जी,” ती ओशाळून म्हणाली. “बदलीवर नवीनच आली मी. माझं इथं कोणीच नाही.”

मला तिला ओवाळावंसं वाटलं. तिनं दोघींना आत बसवलं, सगळं ऐकलं, रीतसर लिहून घेतलं. हद्दीचा प्रश्न तिलाही आला, पण तिला फोन लावायला कुणी आपला माणूस नव्हता, म्हणून बिचारी नियमानं वागली. दोघी पुण्याच्या निवारागृहात पोचल्या.

गावात माझ्यावर रोष झाला. यजमान कितीतरी दिवस बोलले नाहीत, मग एकदा न राहवून म्हणाले, “दौंड स्टेशनात पन आपला मानूस हाय, सांगायचं तरी.” आप्पांची ढेप मी मुलांच्या खिरीत संपवली. गुळाचा काय दोष.

वाटलं होतं, पुढचे बाण सरळ असतील. निवारागृहानं तिच्या घरचा पत्ता पडताळायला तिच्या जिल्ह्याला कळवलं, जिल्ह्यानं तहसीलला, तहसीलनं गावच्या प्रधानाला. प्रधान भला माणूस असणार. बाईची सोय तातडीनं व्हावी म्हणून त्यानंही फोन लावला. महाराष्ट्रात आपला माणूस आहेच, म्हणाला.

एका सकाळी निवारागृहाच्या फाटकावर मुकादम आला. धुतलेला शर्ट, हातात तिचं आधार कार्ड आणि प्रधानाची शिक्क्याची चिठ्ठी. कागदपत्रं इतकी चोख कुणाचीच नव्हती. वरून हाक आली, ‘तुमच्या गावचे आले आहेत न्यायला’. ती आनंदानं जिना उतरली, नवरा असेल म्हणून. त्याला बघून तिनं जिन्याचा कठडा धरला तो सोडला नाही. निवारागृहातल्या दोघींनी मिळून ओढलं तरी सोडला नाही, असं तिची खबर ठेवून असलेल्या त्या कॉन्स्टेबलनं मला सांगितलं. त्या कठड्यामुळे ती राहिली.

परवा तिचा फोन आला. आता पुण्यात एका मेसमध्ये पोळ्या लाटते, खोली घेतली आहे. मुलगी मराठी बोलते. नवरा हंगाम संपल्यावर गावी गेला, हिच्याकडे आला नाही. मी विचारलं, शेजारपाजार कसा आहे, बायका बोलतात ना?

“बोलती हैं, दीदी. पहले गाँव पूछती हैं,” ती म्हणाली. “मैं हर बार दूसरा नाम बता देती हूँ.”