एस्टोनियाची गाय
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला एस्टोनियाचा बर्फ आठवतो. नागपूरच्या आमच्या फिल्म क्लबात ऐन मे महिन्यात तिथला एक सिनेमा लावला होता, दिग्दर्शकाने स्वतःच्या हिमतीवर काढलेला. बाहेर ऊन भाजून काढत होतं, आत दोन कूलर घरघरत होते आणि पडद्यावर एक बाई बर्फाळ गावातल्या गोठ्यात पाच मिनिटं नुसती गाय दोहत होती. बादली फेसाने भरत चालली होती. नंतरच्या चर्चेत मी उठून ठणकावलं, "नटीच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, याला अभिनय म्हणत नाहीत." शेजारी माझे मामा बसले होते. पारशिवनीहून कामासाठी आलेले, निव्वळ गारव्यासाठी माझ्यासोबत आत शिरलेले. ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "चेहरा काहून पाहून राहिला गा? गाय पाह्य ना! अनोळखी हाताले पान्हा सोडते का ते? या बाईनं महिनाभर तरी तिथं शेण काढलं असन." मी खाली बसलो. सिनेमावर मी आजही ठणकावूनच बोलतो. फक्त त्याआधी गाय काय म्हणते ते बघून घेतो.