काठावरचा माणूस

माझ्या व्याह्यांइतका संताप आणणारा आणि त्यांच्याइतका उपयोगी माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. ते चित्रकलेचे निवृत्त मास्तर. दर रविवारी बुलढाण्याच्या एका लहानशा वस्तुसंग्रहालयात जुन्या मूर्ती आणि चित्रांवर बोलतात. उरलेले सहा दिवस जिथे असतील तिथे बोलतात. माझं चिखलीला भांड्यांचं दुकान आहे. ते मी शून्यातून उभं केलं आणि एका घासाघिशीतही कधी हरलो नाही, पण व्याही दुकानात शिरले की मी हरतो. ते एखादा पितळी तांब्या उचलतात, त्याचा गळा असाच का, काठ बाहेर का वळला, हे सांगू लागतात. गिऱ्हाइकं जमतात, मन लावून ऐकतात आणि काहीही न घेता तृप्त होऊन निघून जातात. एकदा बसस्टँडवर वाढदिवसाच्या फलकासमोर त्यांनी मला थांबवलं. "पाहा, देवळातल्या शिल्पात देव मोठा, राजा बारका, अन् पैसा देणारा पायाशी हात जोडून. इथंही तेच हाय." मग एका पुढाऱ्याच्या तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "याचं मुंडकं मागच्या खेपेपेक्षा लहान झालं. हा पक्ष सोडते." महिन्याच्या आत त्यानं सोडला! तेव्हापासून मी वर्तमानपत्राआधी फलक वाचतो.

असा माणूस लेकीचा सासरा म्हणून मिळाला याचा मला अभिमान होता, तो लग्नाच्या दिवसापर्यंत टिकला. फोटोच्या वेळी व्याह्यांनी फोटोग्राफरला बाजूला सारलं आणि स्वतः माणसं मांडायला घेतली. मंडप माझा, पंगत माझी, मुलगी माझी. आणि मी पार काठावर, कुणाच्या तरी चुलत मामाच्या पलीकडे. मी मंडप दणाणून सोडला. तीन वर्षं त्यांच्या घरचा उंबरा ओलांडला नाही. लेक माहेरी यायची, चार दिवस राहायची आणि निघताना दारात म्हणायची, "बाबा, आमच्या घरी कधी येता?" मी दुकानाच्या कुलपाची किल्ली शोधू लागायचो.

या दिवाळीनंतर तिनं वेगळंच विचारलं. "घरी नका येऊ. मामंजींचं एक व्याख्यान तरी ऐकता का?" नाही म्हणता आलं नाही. गेलो, मागच्या खुर्चीवर बसलो. भिंतीवर एका जुन्या शिल्पपटाचं चित्र होतं. व्याही म्हणत होते, "ही काठावरची बाई पाहा. सारे समोर पाहून राह्यले, ही एकटी आत पाहते. तिच्या नजरेमागं आपली नजर जाते, तवा समजते का चित्र कोणाचं हाय."

माझं डोकं फिरलं. उभा राहून म्हणालो, "मास्तर, काठावर उभं केलेल्या माणसाले काय वाटते, हे कोणी इचारलं का?"

लोक हसले. व्याह्यांनी चष्मा काढला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

"इवाई, लग्नात सारे कॅमेऱ्याकडे पाहून राह्यले होते. तुम्ही एकटे लेकीकडे. मधात उभं केलं असतं तं मान वळवता आली असती का तुम्हाले? मले त्या फोटोत बाप दाखवायचा होता."

"मंग तवाच काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही सांगू देल्लं का? किती वरडत होते!"

मी कुठे उभा आहे एवढंच तीन वर्षं मोजत बसलो. मी कुठे पाहत होतो ते या माणसानं पाहिलं होतं.

संध्याकाळी त्यांच्यासोबतच त्यांच्या घरी गेलो. लेकीनं दार उघडलं, पाणी आणून दिलं. व्याह्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या चित्रावर बोलायला सुरुवात केली आणि मी पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं नाही. स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मधूनच तो थांबायचा, लेक पिठाच्या हातांनी दारापर्यंत यायची, काही न मागता परत जायची. मी अजून बसलोय ना, एवढंच पाहून जात असावी.