थंड गल्ली

मे महिन्यात शहाद्याचे रस्ते दुपारी बारानंतर ओस पडतात. कुत्रीसुद्धा रसवंतीच्या ओल्या गोणपाटाखाली शिरून बसतात. अशा उन्हात ब्राह्मणपुरी गावची प्रतिभा पाटील स्कूटीच्या डिकीतून लोकरीचा स्वेटर काढते, अंगात चढवते आणि एका तिमजली इमारतीचा जिना चढू लागते. समोरच्या टपरीवरच्या भटूने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्याच्या हातातलं पान हातातच राहिलं होतं. आता त्याला सवय झाली आहे.

दुसऱ्या मजल्यावर एका आरोग्य संस्थेची सर्व्हरची खोली आहे. सातपुड्यातल्या लहान लहान दवाखान्यांत येणाऱ्या माणसांच्या नोंदी तिथे साठवलेल्या असतात. कुणाला सिकलसेलचा रक्ताचा आजार आहे, कुणाला कधी रक्त दिलं, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, सगळं. काचेच्या दारामागे सहा उंच काळी कपाटं, तीन इकडे, तीन तिकडे, तोंडाला तोंड करून उभी. एका टोकाला भिंतीवर दोन मोठे एसी. त्यांची हवा मधल्या चिंचोळ्या वाटेत उतरते, कपाटांतल्या मशिनांमधून जाते आणि पाठीमागून तापून बाहेर पडते. त्या वाटेला प्रतिभा ‘थंड गल्ली’ म्हणते. एसींची देखभाल तिच्याकडे आहे.

हे काम तिच्याकडे आलं ते केळीमुळे. तिचे सासरे गिरधरबापू यांनी मळ्यात केळी पिकवायची थंड खोली बांधली. यंत्र बिघडलं की बाहेरगावचा मेकॅनिक दोन-दोन दिवस येत नसे आणि आत केळी काळी पडत. नवी सून बॅटरी धरून उभी राहायची आणि बघायची. तिसऱ्या वर्षी मेकॅनिकच्या आधी तिनेच पंखा उघडून ठेवला. बापूंनी तिला आयटीआयमध्ये एसी दुरुस्तीच्या वर्गात घातलं. वर्गात ती एकटीच बाई होती, आणि सगळ्यांत मोठीही.

थंड खोलीत गेली की प्रतिभाचं मन कुठेतरी निघून जायचं. पंख्याच्या एकसुरी घूं आवाजात तिला माहेर दिसे, तापीचं पाणी दिसे, कधी काहीच दिसत नसे, नुसतं हिरवं-पिवळं. आत आहेस की गेलीस, असं नवरा हेमकांत दारावर टकटक करून विचारायचा, “आत शे का गयी?” ती हसून बाहेर यायची. सर्व्हरच्या खोलीतही तेच व्हायचं. हजारो बारीक दिवे उघडझाप करत, आणि तिला वाटायचं, डोंगरातली सगळी माणसं इथे श्वास घेत पडली आहेत. आपण पाऊल न वाजवता चालावं.

त्या दिवशी ती गच्चीवर एसीच्या बाहेरच्या जाळ्या धूत होती. वैशाखाचं ऊन पांढरं झालं होतं. तेवढ्यात बसस्थानकाच्या दिशेने वावटळ उठली. धुळीचा उंच खांब, त्यात केळीची वाळकी पानं गरगरत वर चाललेली. प्रतिभा पाइप हातात धरून बघतच राहिली. पानं पार वर, घारींपर्यंत गेली. मग कुठेतरी तार तुटल्याचा आवाज झाला आणि गच्चीवरची यंत्रं एकदम गप्प झाली.

खाली मशिनं बंद पडली नव्हती. ती बॅटरीवर चालू होती. पाठोपाठ जनरेटर सुरू झाला, एक एसी लागला. दुसरा लागला नाही. प्रतिभाने तपासलं. विजेच्या झटक्याने त्याचा कॉम्प्रेसर गेला होता, आणि नवा सुरतेहून येईपर्यंत दुसरा दिवस उजाडणार होता.

खोलीचं सगळं पाहणारा धीरज खांडबाऱ्याचा. शांत माणूस, पण आता त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

“ताई, बत्तीस डिग्री व्हई गयं. सगळ्यात जास्त तापणारं मशीन मी बंद करी टाकं. आते बाकीनंबी करस.”

त्याच वेळी फोन वाजला. धडगावच्या दवाखान्यातून नर्स चेतना बोलत होती.

“सर, रूपलीबाईंची नोंद उघडत नाहीये. त्यांना रक्त द्यायचंय. मागच्या वेळी रक्त सोसलं नव्हतं, फार त्रास झाला होता. कुठलं चालत नाही ते तुमच्याकडेच लिहिलेलं आहे. बाईंना धाप लागलीय.”

धीरजने फोनवर हात ठेवला. रूपलीबाईंची नोंद नेमकी त्याने बंद केलेल्या मशीनमध्ये होती. इतक्या उष्णतेत ते सुरू केलं तर सुरू होता होता पुन्हा बंद पडेल, कदाचित कायमचं. खोली अठ्ठावीसच्या खाली यायला हवी होती.

प्रतिभा गल्लीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिने हात वर केला, मग खाली, मग कपाटांतल्या रिकाम्या खणांसमोर धरला. खणांतून मागची गरम हवा पुढे येत होती. गल्लीच्या मोकळ्या टोकातूनही वळसा घालून तीच परत शिरत होती.

“थंडी हवा कमी नही शे, धीरज. ती वाट चुकी ऱ्हायनी.”

केळीच्या खोलीत तिने हेच पाहिलं होतं. हवा आळशी असते. क्रेटांमध्ये फट राहिली की ती फटीतूनच पळते, केळीतून जातच नाही. मग वरून प्लास्टिक टाकावं लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात.

स्कूटीला मळ्यातल्या खोलीसाठी सकाळीच घेतलेला जाड प्लास्टिकचा रोल बांधलेला होता, आणि केळीच्या फण्यांमध्ये ठेवायच्या फोमचा गठ्ठा. तिने खिडकीतून भटूला हाक मारली. भटू टपरी तशीच उघडी टाकून सगळं खांद्यावर घेऊन वर आला. धीरज म्हणाला, “ताई, संस्थाना साहेबले काय सांगू?” ती म्हणाली, “माले विचारा म्हणा.”

तिने फोम कापून रिकामे खण बुजवले. धीरज आणि भटू स्टुलावर चढले. गल्लीच्या मोकळ्या टोकाला प्लास्टिकचा पडदा लागला, वर छत लागलं. चिकटपट्टी संपली तेव्हा भटूने सुतळी काढून दिली. पाऊण तासात ती गल्ली एक पारदर्शक बोगदा झाली. उरलेल्या एकुलत्या एसीची हवा आता तिथेच अडकली, आणि मशिनांमधूनच जाऊ लागली.

प्रतिभा आतच थांबली. प्लास्टिकमधून बाहेरचे दोघे धूसर दिसत होते, बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. हिरवे दिवे पसरून लांबट दिसत होते. लहानपणी प्रकाशा गावाजवळ तापीत बुडी मारून डोळे उघडले की असंच दिसायचं, वरचं जग हलणारं आणि आपण त्याच्या खाली, कुणालाही न सापडणारे. मानेवर थंड हवा आली. किती वेळ गेला तिला कळलं नाही. धीरजने प्लास्टिकवर बोट टेकवून आकडा लिहून दाखवला: सत्तावीस.

त्याने मशीन सुरू केलं. ते पूर्ण चालू व्हायला पाच-सहा मिनिटं लागली. मग संगणकाच्या पडद्यावर नाव आलं. धीरजने रूपलीबाईंना न चालणाऱ्या रक्ताची खूण चेतनाला दोनदा वाचून दाखवली, आणि चेतनाने ती दोनदा परत म्हणून दाखवली. योग्य पिशवी मिळायला संध्याकाळ झाली, पण ती मिळाली.

दिवाळीच्या आधी एक दिवस खुद्द रूपलीबाई शहाद्याला आल्या. बरोबर नवरा जालमसिंग. तो ऊसतोडीला डोंगराखाली जाऊन मराठी बोलायला शिकला होता. रूपलीबाईंना मात्र पावरी बोली सोडून काही येत नव्हतं. चेतनाने पत्ता दिला होता. तोपर्यंत गल्लीला नीट काचेची दारं बसली होती, आणि एका रविवारी प्रतिभा आणि धीरजने मागच्या निळ्या-पिवळ्या केबलींचा गुंता सोडवून, वेणीसारखा बांधून एका बाजूला केला होता.

“बाई,” जालमसिंग म्हणाला, “हिला बघायचंय, हिचं नाव कुठं ठेवलंय ते.”

प्रतिभाने दोघांना आत नेलं. तिलाही नेमकं ठाऊक नव्हतं. तिने धीरजकडे पाहिलं. त्याने तिसऱ्या कपाटातल्या एका मशिनाकडे बोट केलं. रूपलीबाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याला काहीतरी विचारलं.

“ती म्हणते, हे रातचं झोपतं का?”

“नाही,” प्रतिभा म्हणाली. “कधीच नाही.”

जालमसिंगने ते पावरीत सांगितलं. रूपलीबाई हसल्या. मग त्या डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या, आवाज ऐकत. प्रतिभाही शेजारी उभी राहिली. या आवाजात रूपलीबाईंना काय दिसत असेल, तिला विचारता आलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही.

धडगावची बस चारला होती. प्रतिभा दोघांना स्थानकापर्यंत सोडायला गेली.