मी ऐकलंय

परवा खासबागेत आमच्या घरी बैठक बसली. विषय माझ्या पणतीच्या लग्नाचा, आणि मुलगा आमच्यातला नाही. नातू, म्हणजे पोरीचा बाप, सगळ्यांसमोर म्हणाला, "हिचं शिक्षण संपल्यावर मुलाला भेटेन, असं मी कधी बोललोच नव्हतो." पोरीचा चेहरा उतरला. त्यानं पोरीला तो शब्द दिला तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत होते, हे बहुतेक तो विसरला असावा... म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नाही असा यांचा समज आहे.

आता मी सांगते आहे आणि पणती टाइप करते आहे. नातेवाईक वाचणार आहेत, वाचू देत. मी शंभरीला टेकलेय, आता कुणाला भ्यायचं?

देशाला स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही इथंच, खासबागेत राहायचो; विणकरांची वस्ती, मराठी आणि कन्नड दोन्ही चालायचं. माझे वडील, म्हणजे आप्पा, कचेरीत कारकून. माणूस हुशार, पण संध्याकाळ झाली की प्यायचे आणि घर डोक्यावर घ्यायचे. सकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचे... "आजपासून बंद." लहानपणी मला खरं वाटायचं. एकोणिसाव्या वर्षी मात्र तो हात डोक्यावर आला की नुसता राग यायचा.

दुपारी मी विणकरांच्या बायकांना मराठी लिहायला शिकवायचे. त्याच वर्गात कन्नड शिकवायला जिनगोंडा यायचा. निपाणीकडचा, जैन, घरची तंबाखूची शेती, इथं बोर्डिंगात राहून कॉलेज करणारा. ऊन कलायला लागलं की हा खडू टाकून सायकलवर पळायचा. मला वाटायचं, पोरगा घाबरट आहे. मग कळलं की सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा त्याच्या घरचा नियम.

त्याच्याही घरात सगळं आलबेल नव्हतंच. वडलांनी चिकोडीत दुसरा संसार थाटलेला, आई एकटी शेत बघायची. "नियम वडलांनी मोडले, म्हणून मी पाळतो," एवढंच तो एकदा म्हणाला. मला तो आवडायला लागला होता, पण भरवसा? भरवसा मी कुठल्याच पुरुषावर ठेवत नव्हते. ज्याचा बाप असा, तो उद्या कसा निघेल...

एका रविवारी दुपारी तो स्वतःच आमच्याकडे आला आणि सरळ आप्पांना म्हणाला, तुमच्या मुलीशी लग्न करायचंय. मी स्वयंपाकघराच्या दारातच होते. आप्पा चिडले नाहीत. गोड बोलून त्याला बसवून घेतलं, कचेरीतल्या गप्पा काढल्या, मध्येच आत जाऊन घोट घेऊन आले. आईनं कंदील लावला तेव्हा त्यांचा डाव माझ्या लक्षात आला.

"माझ्या पंगतीला बसून आत्ता जेवलास, तर पोरगी तुझी," आप्पा म्हणाले. "न्हायतर वाट धर."

ताट मीच आणलं. भाकरी, आमटी, भात. खरं सांगू? त्यानं जेवावं असं मला वाटत नव्हतं. जो माझ्यासाठी आज आईचा नियम मोडेल, तो उद्या आणखी कशासाठी तरी मला दिलेला शब्दही मोडेल. आणि नाही जेवला, तर लग्न मोडणार.

त्यानं ताटावर आडवा हात धरला. "सूर्य मावळला, आप्पा. उद्या उजाडल्यावर वाढा, जेवतो."

"एका घासापायी पोरगी सोडतोस व्हय रं?"

"पोरगी सोडत न्हाय. घास सोडतोय."

आप्पा मोठ्यानं हसले. "बरं. उजाडल्यावर जेव, तरी चालंल. शब्द दिला." तो उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला आणि रात्रभर तिथंच राहिला. मीही जेवले नाही.

सकाळी ऊन कट्ट्यावर आलं तसं मी ताजी भाकरी करून त्याला बाहेरच वाढली. गल्ली बघत होती... बघू दे म्हटलं. एवढ्यात आप्पा तोंड धुऊन आले. "हे काय चाललंय?" मी रात्रीचं बोलणं सांगितलं, तर म्हणाले, "मी असं बोललोच न्हाय. तुझी शपथ." आणि हात माझ्या डोक्याकडे आला.

मी मागे सरले. "हात ठेवू नका, आप्पा."

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. आता कानाखाली बसणार असं मला वाटलं. तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला. लग्न झाल्यापासून तिनं आप्पांना उलटून एक शब्द बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"बोललासा तुमी. मी ऐकलंय."

आप्पा घरात गेले. आमच्या लग्नाला ते आले नाहीत. आई आली, एकटी, सर्व्हिस मोटारीत, म्हणजे तेव्हाच्या बसमध्ये बसून, निपाणीपर्यंत. सासूबाईंनी तिला उन्हं असतानाच जेवायला वाढलं आणि आई पोटभर जेवली. पुढं जन्मभर जिनगोंडा दिवस असेतो जेवला आणि मी रात्री जेवले. एकदाही त्यानं मला अडवलं नाही.

तर परवाची बैठक... सगळे माझ्याकडे बघत होते. मी नातवाला एवढंच म्हटलं, "बोललास रं. मी ऐकलंय."

रविवारी पणतीचा तो मुलगा जेवायला येतोय. वाढायला मी स्वतः बसणार आहे.