आमच्या भिंतीला फोम, आणि म्हणे काकूंनी रंग निवडावा!

आज सकाळी सोसायटीच्या मीटिंगहून परतले ती संतापूनच. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दादरची आमची इमारत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळातली. आता ती पाडून नवी बांधायची आहे. बाहेरून सिमेंटच्या गिलाव्याऐवजी सिंथेटिक स्टको लावायचं ठरलंय. म्हणजे भिंतीवर फोमचे तक्ते, त्यावर जाळी आणि रंगीत प्लास्टरचा पातळ थर.

कुठे ठरलं? शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, सकाळच्या फेरीनंतर, पाच पुरुषांत!

मीटिंगमध्ये सेक्रेटरी हसून म्हणाले, "काकू, टेक्निकल बाजू आम्ही बघतो. तुम्ही बायकांनी रंग निवडा."

मी तीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची ड्रॉइंग्ज काढली आहेत. टेबलावर ठेवलेल्या स्टकोच्या नमुन्यावर घराची किल्ली जोरात दाबली. ती सरळ आत रुतली.

"अहो काकू, सॅम्पल खराब केलंत!"

"सॅम्पलच ना? माझी बेडरूम समुद्राच्या बाजूला आहे. पावसाचं पाणी या थरामागे शिरलं, तर ते बाहेर कुठून येणार, तेवढं सांगा."

बिल्डरचा माणूस ब्रोशर चाळत बसला. तरीही सेक्रेटरींनी संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "बाकी सगळ्यांनी सही केलीय."

मी केली नाही. उत्तर लेखी मिळेपर्यंत करणारही नाही. कामात खोडा घालणारी म्हातारी म्हणा, खुशाल म्हणा.

मैत्रिणींनो, घर तुमच्याही नावावर असेल. असा कागद पुढे आला की तुम्ही आधी प्रश्न विचारता, की पेन मागता?